आई सांगते तेव्हा : मराठी आत्मकथनांतील मातृत्व आणि दैनंदिन जीवन

प्रास्ताविक

मराठी साहित्यात आईविषयी जेवढे लिहिले गेले आहे, त्या मानाने आईने स्वतः लिहिलेले फार थोडे आहे. माधव जूलियन आणि यशवंत यांच्या आईवरील कवितांनी पिढ्यान्‌पिढ्या शालेय पाठ्यपुस्तके व्यापली. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने मराठी घराघरांत आदर्श मातेची प्रतिमा स्थिर केली. या साऱ्या लेखनात बोलणारा मुलगा असतो. तो बहुधा मोठा झालेला असतो आणि आईपासून कायमचा दुरावलेला असतो. आई ही त्याच्या स्मरणाचा, कृतज्ञतेचा व अपराधभावाचा विषय असते. याच मातृत्वाविषयी आई स्वतः बोलू लागते, तेव्हा त्याचे रूप कसे पालटते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी ‘श्यामची आई’ (१९३५) ही कृती एका बाजूस आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) व ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) ही तीन आत्मकथने दुसऱ्या बाजूस ठेवून येथे विचार केला आहे.

स्त्रीवादी विचारात मातृत्वाचा प्रश्न सुरुवातीपासूनच अवघड ठरला. सिमोन द बोव्हुआर यांनी ‘द सेकंड सेक्स’मध्ये (१९४९) मातृत्वाभोवतीच्या पावित्र्याच्या वलयाची कठोर चिकित्सा केली. एड्रियन रिच यांनी ‘ऑफ वुमन बॉर्न’ (१९७६) या ग्रंथात मातृत्वाचा अनुभव आणि मातृत्व नावाची संस्था यांत भेद केला. अनुभव स्त्रीचा असतो. संस्थेचे नियम मात्र पितृसत्ता ठरविते. त्यानंतर सारा रडिक यांनी ‘मॅटर्नल थिंकिंग’मध्ये (१९८९) मातृत्वाकडे एक काम म्हणून पाहिले. मुलाला जगविणे, त्याची वाढ होऊ देणे आणि समाजाला मान्य होईल असे त्याला घडविणे अशा तीन मागण्या या कामात असतात. त्या पूर्ण करताना विचाराची एक विशिष्ट शिस्त तयार होते, आणि हे काम करणारा पुरुषही त्या अर्थाने मातृत्व करीत असतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. रडिक यांची ही मांडणी मराठी आत्मकथनांच्या वाचनास उपयुक्त आहे. परंतु जातिव्यवस्थेच्या संदर्भात तिची तिसरी मागणी जशीच्या तशी टिकत नाही, हेही पुढील विवेचनातून स्पष्ट होईल.

मुलाने सांगितलेली आई

‘श्यामची आई’ हे पुस्तक साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. आश्रमातील मित्रांना श्याम रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो आणि अशा बेचाळीस रात्रींत कथन पूर्ण होते. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाने ही आई वाचकवर्गाच्या पलीकडे पोहोचविली. या कृतीवर स्त्रीवादी दृष्टीने एक आक्षेप नेहमी घेतला जातो : तिने त्यागमूर्ती मातेचा आदर्श रूढ केला आणि प्रत्यक्षातील आयांवर त्याचे ओझे लादले. आक्षेप चुकीचा नाही. पण तेवढ्यावर थांबल्यास कृतीवर अन्याय होतो. या पुस्तकात तत्त्वज्ञानापेक्षा दैनंदिन तपशील अधिक आहेत. पत्रावळ लावणे, पोहायला जाणे, भाजी, दूर्वा, तेल-मीठ, कर्ज अशा गोष्टींतूनच प्रकरणे आकार घेतात.

‘अळणी भाजी’ हे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील जेवताना काहीच बोलत नाहीत. तिला वाईट वाटू नये हा त्यांचा हेतू असतो. ते बोलत नाहीत म्हणून मुलेही बोलत नाहीत. शेवटी आई स्वतः जेवायला बसते तेव्हा भाजी अळणी असल्याचे तिच्या ध्यानात येते आणि आपण अशी भाजी वाढली याचे तिला दुःख होते. श्याम या प्रसंगातून दोघांचेही मोठेपण शिकतो : वडिलांचा संयम आणि आईची कर्तव्यदक्षता. हा बोध खरा आहेच. परंतु ज्या वस्तुस्थितीवर ही सारी कथा उभी आहे, तिच्याकडे कथन वळून पाहत नाही. आई सर्वांच्या शेवटी जेवते, म्हणून चूक तिला सर्वांच्या शेवटी कळते. ती पहिल्या पंक्तीला बसली असती, तर कथाच घडली नसती. श्यामला हा क्रम नैसर्गिक वाटतो. त्यामुळे तो सांगितला जातो, पण प्रश्न होत नाही. मुलाच्या कथनाची मर्यादा इथे आहे. ती प्रेमाच्या अभावातून आलेली नाही. प्रेमामुळेच ती झाकली जाते.

असे असले तरी साने गुरुजींनी या चौकटीला आतून छेदही दिला आहे. ‘सावित्री-व्रत’ या प्रकरणात आजारी आईच्या वतीने श्याम वडाला प्रदक्षिणा घालायला जातो. बायकांच्या व्रताला मुलाने जाण्याची त्याला लाज वाटते आणि आई ती लाज मोडते. ‘अर्धनारी नटेश्वर’ या शीर्षकाच्या प्रकरणात तर स्त्रियांचे समजले जाणारे काम आणि गुण पुरुषानेही आत्मसात करावेत, असा विचार येतो. रडिक यांनी अर्धशतकानंतर मांडलेल्या विचाराची एक दिशा येथे सूचित झालेली दिसते. मात्र शेवटच्या आजारात आईची शुश्रूषा करायला येते ती सखूमावशी. श्याम शिक्षणासाठी दूर आहे. काळजी घेणारीची काळजी पुन्हा एका स्त्रीवरच येऊन पडते. मराठी वाचकाने श्यामची आई डोक्यावर घेतली. आईचे काम करणारा श्याम मात्र त्याने फारसा लक्षात ठेवला नाही.

‘स्मृतिचित्रे’ : आईपणाची हसरी नोंद

‘श्यामची आई’ प्रसिद्ध झाली, त्याच सुमारास, १९३४ पासून, ‘स्मृतिचित्रे’चे भाग प्रसिद्ध होऊ लागले. एकाच दशकातील या दोन कृतींत स्वयंपाकघर वेगवेगळ्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. लक्ष्मीबाईंच्या माहेरी वडिलांच्या सोवळ्याचे खूळ होते. धान्यापासून मिठापर्यंत घरात येणारा जिन्नस धुऊन घ्यावा लागे. मीठ धुणे म्हणजे मीठ घालविणे, हे उघड आहे. लक्ष्मीबाई हे सारे विनोदाने सांगतात. पण त्या विनोदाखाली आईच्या श्रमांचा हिशेब आहे. सोवळे पुरुषाचे आणि धुणे बायकोचे, हे त्यांना भाष्य न करता दाखविता येते. श्यामच्या घरातील मीठ विसरले जाते आणि त्यातून संस्कार निघतो. लक्ष्मीबाईंच्या घरातील मीठ धुतले जाते आणि त्यातून घरातील सत्तेची रचना दिसते.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर लक्ष्मीबाई लहान दत्तूला घेऊन काही वर्षे नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. पतीचे धर्मांतर ही इतिहासात नोंदली जाणारी घटना. तिचा दैनंदिन भार पत्नीच्या वाट्याला आला. मूल कोणत्या घरात वाढणार, कोणाच्या पंक्तीला जेवणार, त्याला बापाची भेट घडू द्यायची की नाही, हे प्रश्न त्या बाईला रोज सोडवावे लागले. पुढे स्वतः धर्मांतर केल्यावर लक्ष्मीबाईंचे घर अनाथ व परक्या मुलांनी भरून गेले. रक्ताच्या नात्यापलीकडचे हे मातृत्व त्यांनी पुण्यकर्म म्हणून रंगविलेले नाही. घरात माणसे वाढली की पीठ किती लागते, कोण रुसते, कोण आजारी पडते, टिळक हातातले पैसे कोणाला देऊन टाकतात आणि मग चूल कशी पेटवायची, अशा अंगाने ते येते. पतीचे औदार्य आणि पत्नीची काटकसर एकाच संसाराच्या दोन बाजू आहेत, हे येथे कळते. त्यागाचे श्रेय औदार्याला मिळते. घर चालते ते काटकसरीने.

‘जिणं आमुचं’ : भूक, बाळंतपण आणि जोहार

‘जिणं आमुचं’मध्ये मातृत्वाचा आरंभच शरीरापासून होतो. कोवळ्या वयात लग्न झालेल्या महार मुलींची पहिली बाळंतपणे, अडाणी सुइणींचे उपाय, अनेकींचे मृत्यू, आणि वाचलेल्या बाळंतिणीच्या पोटात आगीसारखी पेटलेली भूक यांचे वर्णन बेबी कांबळे कोणताही आडपडदा न ठेवता करतात. मध्यमवर्गीय मराठी साहित्यातील बाळंतिणीची खोली शेक-शेगडी, डिंकाचे लाडू आणि माहेरची माया यांनी भरलेली असते. येथे बाळंतिणीला भाकरीचा तुकडाही वेळेवर मिळत नाही. दोन्ही ठिकाणी बाळंतपण या एकाच शब्दाने ओळखली जाणारी घटना घडते. पण त्या घटनेला जात आणि अन्न यांच्यापासून वेगळे काढता येत नाही. ‘स्त्रीचा अनुभव’ असा एकवचनी शब्द वापरताना अभ्यासकाने येथे थांबले पाहिजे.

याहून महत्त्वाचा मुद्दा समाजमान्यतेचा आहे. मुलाला समाजात वावरण्याजोगे घडविणे हे रडिक यांच्या मते आईच्या कामाचे एक अंग आहे. परंतु ज्या समाजाची मान्यता मिळवायची, तोच समाज मुलाला माणूस मानीत नसेल तर? बेबी कांबळे सांगतात की, नव्या सुनेकडून वरच्या जातीच्या माणसाला वाकून जोहार करायचा राहिला, तर संपूर्ण महारवाड्याला बोलणी खावी लागत. अशा स्थितीत सुनेला व मुलांना वाकायला शिकविणे हा त्यांना जगविण्याचाच एक भाग ठरतो. जगविण्याची मागणी आणि वाढविण्याची मागणी येथे एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहतात. मूल सुरक्षित राहावे म्हणून त्याला लहान करावे लागते. हा अंतर्विरोध रडिक यांच्या मांडणीत एवढ्या तीव्रतेने येत नाही; मराठी दलित आत्मकथन तो ठळकपणे दाखविते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने हा अंतर्विरोध फोडला. मुलांना शाळेत घाला, मेलेल्या जनावरांचे मांस खाऊ नका, हा संदेश वस्तीपर्यंत पोहोचला, तेव्हा त्याची अंमलबजावणी आयांच्या हाती होती. चूल त्यांची होती आणि मुलांना सकाळी उठवून पाठविणेही त्यांच्याकडे होते. समाजाला मान्य होणारे मूल घडविण्याऐवजी समाजच अमान्य करणारे मूल घडविणे, असा मातृत्वाच्या कार्याचा अर्थ येथे बदलला. दैनंदिन घरकाम आणि राजकीय कृती यांतील सीमारेषा या पुस्तकात पुसली जाते, ती यामुळे.

बेबी कांबळे आपल्या समाजातील स्त्रीलाही माफ करीत नाहीत. मुलाला भरीस घालून सुनेला मारहाण करविणाऱ्या सासवा त्यांच्या लेखनात आहेत. त्याही आयाच आहेत. मातृत्वामुळे स्त्री आपोआप करुणामय होते, या समजुतीला यापेक्षा बोलके उत्तर नाही. मुलगा हीच ज्या बाईची एकमेव मिळकत, ती त्या मिळकतीवरचा हक्क सुनेशी वाटून घ्यायला तयार होत नाही; हे क्रौर्य व्यवस्थेने दिलेल्या दुर्बलतेतून जन्मते. लेखिकेने स्वतः हे लेखन अनेक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते, ही गोष्टही विसरता येत नाही. मुले, दुकान आणि संसार सांभाळणाऱ्या बाईला आपली वही लपवावी लागते. मातृत्वाच्या संस्थेविषयी ही वही जे सांगते, त्याला तिच्या लपविण्यानेही दुजोरा मिळतो.

‘आयदान’ : विणणारी आई, लिहिणारी आई

‘आयदान’ म्हणजे बांबूपासून विणलेल्या वस्तू. ऊर्मिला पवारांची आई पतीच्या निधनानंतर सुपे, टोपल्या विणून मुलांना वाढविते. मुलांनी शिकावे ही पतीची इच्छा ती या विणकामावर पुरी करते. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांत लेखिका नाते पाहते. दोन्हींत दुःखाचा एकच धागा आहे, असे तिला वाटते. या रूपकाकडे बारकाईने पाहिले पाहिजे. येथे आईचा वारसा संस्काराच्या वचनांतून न येता हाताच्या कामातून येतो. आई उपदेश फारसा करीत नाही. ती विणत राहते आणि मुलगी पाहत राहते. मराठीतील मातृप्रतिमेत आईचे हात नेहमी जेवण वाढणारे किंवा पाठीवरून फिरणारे असतात. येथे ते बांबू सोलणारे, कापले जाणारे आणि पैसा मिळविणारे आहेत.

या आत्मकथनाचे दुसरे वैशिष्ट्य असे की, निवेदिका एकाच वेळी मुलगी आणि आई आहे. मुंबईत शासकीय नोकरी, मुलांचे संगोपन, एम. ए. चे शिक्षण, लेखन आणि स्त्रियांच्या चळवळीतील सहभाग या सर्वांची ओढाताण ती सांगते. तिच्या शिक्षणाविषयी व बाहेर जाण्याविषयी पतीची नाराजी वाढत जाते. घरातील कर्तव्ये आधी पार पाडावीत, मग हवे ते करावे, अशी त्याची अपेक्षा असते. वरवर ती अपेक्षा सौम्य आहे. पण घरातील कर्तव्ये कधीच संपत नसल्यामुळे ‘मग’ कधी येतच नाही. सुशिक्षित, परिवर्तनवादी कुटुंबातही मातृत्वाची संस्था कशी काम करते, हे या एका शब्दात साठलेले आहे. जातीविरुद्धच्या लढ्यात बरोबर असलेला पुरुष घरातील कामाच्या वाटणीत बरोबर असेलच असे नाही, हे ‘आयदान’ कटुता टाळून, पण स्पष्टपणे नोंदविते.

पुत्रवियोगाची दोन चित्रेही या पुस्तकात आहेत : आईला आलेला आणि लेखिकेला आलेला. मुलगी म्हणून आईचा आक्रोश दुरून ऐकणारी निवेदिका पुढे त्याच जागी येऊन उभी राहते. आईला समजून घेण्यासाठी मुलीने आई व्हावेच लागते, असा यातून निष्कर्ष काढणे धोक्याचे होईल. मुलीने आईकडे एक स्वतंत्र बाई म्हणून पाहायला किती काळ लागतो, याची ही नोंद आहे, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

साहित्याबाहेरील दिवस

ही तीन आत्मकथने ज्या दैनंदिनतेविषयी बोलतात, तिची दखल कायद्याने व आकडेवारीनेही हळूहळू घेतली. मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. १९६१ च्या केंद्रीय कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर बंधनकारक झाले. हीच तरतूद पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाली. गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये पालकत्वाच्या कायद्यातील वडिलांनंतर आई या शब्दांचा अर्थ केवळ पित्याच्या मृत्यूनंतर असा न घेता त्याच्या अनुपस्थितीत असा लावला. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिणे बंधनकारक केले.

नाव कागदावर आले. कामाची वाटणी मात्र बदललेली दिसत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर ते करणारे पुरुष ९७ मिनिटे खर्च करीत होते. कुटुंबीयांची काळजी घेण्यात हेच प्रमाण १३४ आणि ७६ मिनिटे असे होते. शिवाय हे करणाऱ्या पुरुषांची संख्याच मुळात थोडी होती.

असंघटित क्षेत्रातील स्त्रीसाठी तर सव्वीस आठवडे हा शब्दप्रयोग निरर्थक आहे. ऊसतोडणीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल दोघांच्या नावावर घेतली जाते आणि कामावर न गेल्यास खाड्याचे पैसे कापले जातात. पाळी, गर्भारपण, बाळंतपण हे सारे येथे खाड्यात मोजले जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला आणि राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. मातृत्वाचे गोडवे गाणाऱ्या समाजात काही स्त्रियांना मजुरी टिकविण्यासाठी गर्भाशयाचाच भार वाटावा, ही विसंगती ‘जिणं आमुचं’मधील भुकेल्या बाळंतिणीपासून फार दूर नाही.

समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. पहिला निष्कर्ष असा की, मुलाच्या कथनात मातृत्व हा गुण असतो. आईच्या कथनात ते काम असते. गुणाची स्तुती होते, पण कामाची वाटणी मागता येते. स्त्रीवादी वाचनाचे महत्त्व या दुसऱ्या शक्यतेत आहे. दुसरा निष्कर्ष असा की, पाश्चात्त्य स्त्रीवादाने दिलेल्या संकल्पना मराठी कृतींना लावताना जातीचा घटक नंतर जोडून चालत नाही. बेबी कांबळे यांच्या लेखनात त्या संकल्पनेचाच आशय बदलतो. तिसरा निष्कर्ष असा की, स्त्रीवाद मातृत्वाच्या विरोधात असतो, हा सर्रास होणारा आरोप या आत्मकथनांपुढे टिकत नाही. या तिन्ही लेखिका मुलांविषयीच्या मायेला नाकारीत नाहीत. मायेच्या नावाखाली जे गृहीत धरले जाते, त्याचा हिशेब त्या मांडतात.

‘श्यामची आई’ अभ्यासक्रमातून वगळावी, असे यातून मुळीच सूचित होत नाही. ती वर्गात शिकविताना तिच्याशेजारी ‘स्मृतिचित्रे’, ‘जिणं आमुचं’ आणि ‘आयदान’ यांतील उतारे ठेवले जावेत, एवढीच अपेक्षा आहे. वर्गात समोर बसलेल्या मुलामुलींपैकी अनेकांच्या आया त्या सकाळी डबा भरून, शेतात, कारखान्यात किंवा दुसऱ्याच्या घरी कामाला गेलेल्या असतात. ‘अळणी भाजी’ शिकविल्यानंतर त्यांना एक साधा प्रश्न विचारता येईल : आपल्या घरात शेवटी कोण जेवते? या प्रश्नावर वर्गात जी शांतता पसरेल, तेथून मातृत्वाचा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू होऊ शकेल.